घोडा, चाप आणि कुत्रा

अलिबाग तालुक्यात कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं आणि मी "प्रॉपर्टी बघतो" म्हणालो, की समोरचा माणूस खुर्चीत सरळ होतो. आतल्या दिशेला तोंड करून "दोन चहा!" असं ओरडतो. चहाबरोबर बिस्किटं येतात. मग आवाज खाली आणून तो विचारतो, "समुद्राला लागून काही आहे का?"

आहे ना. एक सिंहासन आहे, दोन तलवारी आहेत, तीन दाढ्या, एक काळा टेलिफोन आणि एक पिस्तूल आहे. सगळं समुद्रापासून चालत चार मिनिटांवर, देवळामागच्या खोलीत, एका पत्र्याच्या ट्रंकेत.

बिस्किटांची बशी परत आत जाते.

नाटकवाल्यांच्या भाषेत प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावर लागणारं सटरफटर सामान. आमच्या गावच्या नाट्यमंडळाचं हे सामान मी गेली एकवीस वर्षं सांभाळतो आहे. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत बाकी सगळ्यांच्या प्रॉपर्टीचा भाव दर दिवाळीला चढतो, माझ्या प्रॉपर्टीचा दर पावसाळ्यात उतरतो. कारण खारी हवा. मुंबईचे पाहुणे ही हवा छाती भरभरून घेतात आणि "काय हवा आहे हो तुमची!" म्हणतात. ती आमची नाही, आम्ही तिचे आहोत. खिडक्यांचे गज, पंख्याची पाती, गॅसची शेगडी, स्कूटरचा मडगार्ड, जे मिळेल ते ती सावकाश खाते. आमच्याकडे सायकलला कुलूप लावलं तर चोराची अडचण होत नाही, मालकाची होते.

त्यातही नशीब ज्याचं त्याचं असतं. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जा. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरमधल्या लो मूरच्या कारखान्यात ओतलेल्या. भर समुद्रात उघड्यावर उभ्या आहेत आणि अजून तोफच दिसतात. जंजिऱ्याच्या कलाल बांगडीबद्दल तिथले गाइड सांगतात की ती पंचधातूची आहे, म्हणून उन्हातसुद्धा तापत नाही. आमचं पिस्तूल पंचधातूचं नाही, पंचमंडळींचं आहे. ते तेलाच्या फडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांच्या सोबतीने ठेवलं तरी जूनमध्ये पोलादी रंगाचं आत जातं आणि ऑक्टोबरात गुळाच्या रंगाचं बाहेर येतं.

पिस्तूल म्हणतो खरं, पण ते रिव्हॉल्व्हर आहे. माझ्या आधी प्रॉपर्टी बघणाऱ्या काकांनी ते चौल-भोवाळ्याच्या दत्ताच्या जत्रेत घेतलं होतं. त्या काळी जत्रेतली खेळणीसुद्धा वजनावर विकल्यासारखी जड असत. नळी भरीव, मूठ लाकडी, आणि मधे फिरणारी चक्री. चक्रीला सहा घरं, एकेका घरात एकेक टिकली. वरचा घोडा अंगठ्याने मागे ओढला की चक्री एक घर पुढे सरकते, नवी टिकली घोड्याखाली येते, चाप दाबला की घोडा तिच्यावर आपटतो आणि आवाज होतो. इंग्रजांनी ज्याला हातोडा म्हटलं त्याला आपण घोडा म्हटलं, यात मला आपल्या लोकांची कल्पनाशक्ती दिसते. हातोडा काय, सांगाल तसा पडतो. घोडा अडू शकतो.

या जातीच्या रिव्हॉल्व्हरला सिंगल ॲक्शन म्हणतात. यात चापाला एकच काम, ओढून ठेवलेला घोडा सोडायचा. तो ओढायचा कुणी? तुम्ही, अंगठ्याने, आणि दर बाराला नव्याने. नुसता चाप दाबलात तर काही होत नाही. डबल ॲक्शनमध्ये चापच घोडा उचलतो आणि चापच सोडतो, त्यामुळे माणसाने विचार करायची गरज उरत नाही. सिंगल ॲक्शन म्हणजे वरातीतला बँड. आधी कुणीतरी नोट दाखवायला हवी, मग वाजणार. वाचकांनी ही नोट जरा लक्षात ठेवावी. आमच्या नायकाने ठेवली नाही.

या वर्षी हनुमान जयंतीला मास्तरांचं रहस्यप्रधान तीन अंकी नाटक ठरलं. नाटकाचं नाव सांगत नाही. लेखक गावातच राहतात आणि सकाळी फिरायला माझ्याच दारावरून जातात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर हे मास्तरांचं दैवत. त्यातल्या काही त्यांनी विद्यार्थी असताना बाकाखाली धरून वाचल्या, आणि उरलेल्या शिक्षक झाल्यावर मुलांकडून जप्त करून वाचल्या. त्यामुळे त्यांच्या नाटकात धुकं असतं (आमच्याकडे एप्रिलमध्ये!), रेनकोट असतो, आणि पहिल्या अंकात टेबलावर रिव्हॉल्व्हर असतं.

पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर पुढे ती वाजलीच पाहिजे, असं चेखॉव्ह सांगून गेला. मास्तर हे वाक्य दर तालमीला ऐकवतात. चेखॉव्हला मी मानतो. तोही शेवटची वर्षं समुद्राकाठीच राहिला, याल्टाला. पण काळा समुद्र आपल्या अरबी समुद्राच्या जेमतेम निम्म्याने खारट. वरसोलीला दोन पावसाळे काढले असते तर "शक्यतो वाजावी" एवढंच म्हणाला असता.

फेब्रुवारीत ट्रंक उघडली. मी चक्रीत सहा टिकल्या बसवल्या, घोडा ओढला, चाप दाबला. टक्. पुन्हा ओढला, पुन्हा टक्. मग मी बारीक बघितलं, तेव्हा दिसलं की चक्री पुरं घर सरकतच नव्हती. पाऊण घर जाऊन थांबत होती आणि घोडा बरोब्बर दोन घरांच्या मधल्या पत्र्यावर पडत होता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा. पिस्तूल वैतागून पिशवीत टाकलं, तेव्हा मात्र आतल्या आत फाट्कन वाजलं आणि पिशवीतल्या तीन दाढ्यांपैकी एक तपकिरी झाली.

इथे मी चूक केली. घरी नेऊन गुपचूप बघायच्या ऐवजी मी नाक्यावर म्हणालो, "पिस्तूल बिघडलंय."

आमच्या गावात डॉक्टर एक आहे, पण मिस्त्री घरटी एक. आणि दुखणं कुणाचंही असो, निदान मिस्त्रीच्या धंद्यावर ठरतं. शिलाईमशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी पिस्तूल हातात घेतलं, चष्मा कपाळावर नेला आणि सांगितलं, "टेन्शन बिघडलंय." मी म्हटलं, माझंही. मोबाईलवाल्या पोराने विचारलं, "पाण्यात पडलं होतं का?" आणि दोन दिवस तांदळात ठेवायला सांगितलं. आईने ते ऐकून डबा काढला, पण "जुन्या तांदळात नको हो, नव्यात ठेव, जुना सणाला लागतो" अशी अट घातली. टिकल्यांचा पुडा सादळला असेल म्हणून बायकोने तो गच्चीत पापडांच्या शेजारी वाळत घातला. त्या दुपारी कावळा आला नाही, एवढा एक फायदा झाला.

बंदरावरचा मिस्त्री होड्यांची इंजिनं करतो. त्याने पिस्तूल कानाशी धरून घोडा दोनदा ओढला, डोळे मिटले आणि म्हणाला, "टायमिंग गेलंय." मला हसू आलं, कारण त्याला कुणाच्या स्वयंपाकघरातला मिक्सर दाखवला तरी तो टायमिंगच गेलं म्हणतो. नंतर कळलं की जगभरचे बंदूक दुरुस्त करणारे या बिघाडाला हेच म्हणतात. घोडा पुरता मागे यायला आणि चक्री पुरतं घर गाठायला एकच वेळ लागली पाहिजे. यातलं एक आधी आणि एक मागाहून झालं, की गेलं टायमिंग. इंजिनात पिस्टन आणि झडपांचं जे नातं, तेच इथे घोड्याचं आणि चक्रीचं. शंभरदा तेच उत्तर देणाऱ्या माणसाचं एकदा बरोबर येतं, तेव्हा पंचाईत अशी होते की त्याचाही त्याच्यावर विश्वास बसत नाही. त्याने लगेच पुढे जोडलं, "नायतर एअर घेतली असंल."

शेवटी मी सायकलवाल्याकडे गेलो. हा माणूस बोलत नाही. त्याने मुठीवरचा स्क्रू रॉकेलात भिजवला, बाजूची पट्टी उघडली, आत एकदाच बघितलं आणि म्हणाला, "कुत्रा फेल."

"घोडा," मी दुरुस्ती केली.

"घोडा बरा हाय. कुत्रा गेलाय."

ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना हा कुत्रा माहीत असेल. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये छोटी खिटी असते. पायडल पुढे मारलं की ती दात्यात अडकून चाक ओढते, पाय थांबवला की दात्यांवरून टकटक करत मोकळी पळते. तिला कुत्रा म्हणतात. तो झिजला किंवा त्याची स्प्रिंग ढिली पडली की पायडल फिरतं, सायकल जागच्या जागी. आमच्या रिव्हॉल्व्हरमध्येही घोड्याच्या पोटाला असाच एक कुत्रा जोडलेला होता. घोडा मागे जाताना कुत्रा वर जातो, चक्रीच्या पाठीवरचा एक दाता ढकलतो, आणि खालून दुसरी खिटी येऊन चक्रीला जागेवर धरते. आमचा कुत्रा दाता धरायचा, पण शेवटपर्यंत ढकलायचा नाही. म्हणजे आमच्या ट्रंकेत गेली कित्येक वर्षं एका घोड्याच्या आत एक दमलेला कुत्रा राहत होता.

हे ऐकल्यावर मला आजोबांच्या वाडीतला रहाट आठवला. अष्टागरात पंप येण्याआधी नारळी-पोफळीला पाणी रहाटाने जायचं. बैल थांबला की भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने रहाट उलटा फिरू नये म्हणून त्याच्या दात्यांत एक खिटी पडायची. ती टक्-टक् ऐकत मी मोठा झालो. आणि गंमत बघा, रिव्हॉल्व्हरचा जन्मही असाच कशाच्या तरी फिरण्याकडे बघताना झाला. १८३० साली सॅम्युअल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन पोरगा 'कोर्वो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज चाललं होतं कलकत्त्याला. वाटेत त्याने लाकूड तासून फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचा नमुना केला. त्याला ते सुकाणूचं चाक बघून सुचलं की नांगर ओढायचा रहाट बघून, यावर जाणकारांत मतभेद आहेत. १८३६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. १८७३ साली त्याच्या कंपनीचं सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर निघालं, तोवर तो वारला होता. काउबॉय सिनेमात कमरेला लटकतं ते हेच.

माझं म्हणणं एवढंच, की जहाज कलकत्त्याऐवजी चौलला लागलं असतं तर आमच्या वाडीत त्याला आयती सगळी यंत्रणा दाखवता आली असती. बैलासकट.

दरम्यान गावात बातमी पसरत गेली आणि पसरताना तिच्यातून 'नाटकाचं' हा शब्द गळाला. पोलीस पाटील घरी आले. पायरीवरच उभे राहून म्हणाले, "तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर दुरुस्त होतंय असं कानावर आलं." मग शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ त्यांनी ऐकवलं. परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, विकता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. हे खरं आहे. मी भरीव नळी दाखवली, टिकली दाखवली. ते जरा निवळले, पण पूर्ण नाही, कारण त्यांनी कलम २८ सुद्धा वाचलं होतं. त्यात नकली बंदूक दाखवून अटक टाळणाऱ्यालाही शिक्षा आहे. "तिसऱ्या अंकात नायक इन्स्पेक्टरवर पिस्तूल रोखतो का?" त्यांनी विचारलं. नाही, खलनायकावर रोखतो. "मग हरकत नाही," म्हणाले, आणि चहा घेतला.

पुढच्या आळीतल्या एका बागायतदारांनी तर मोठ्या मनाने घरची ठासणीची बंदूकच देऊ केली. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका आमच्याकडे काही घरांत आहेत. वानरं आणि रानडुकरं यांच्यापासून नारळ, आंबा, भात वाचवायचा म्हणून. मास्तर हरखले. पण एक तर खरी बंदूक रंगमंचावर नको, हे सगळ्यांनाच पटलं. दुसरं म्हणजे निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निवडणूक कधी नसते? बागायतदार म्हणाले, "आम्ही बंदूक जमा करतो त्याच दिवशी वानरं वाडीत उतरतात. त्यांना आचारसंहिता नाही."

आमच्या भाषेत बंदुकीचा धूर किती मुरला आहे, हे मला याच दिवसांत कळलं. मुलाखतीला जाणारा पोरगा ठासून तयारी करतो, पुढारी फुसका बार काढतो, शेजारी दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवतो, आणि सासू चाप लावते. ठासणीच्या बंदुकीच्या कानावर टाकतात त्या चिमूटभर दारूला तर 'रंजक' म्हणतात. मास्तरांनी हँडबिलावर 'अत्यंत रंजक नाटक' असं छापलं होतं. निदान शब्दार्थाने ते खरं ठरावं, एवढीच माझी धडपड होती.

मग सुभेदार आले. फौजेतून निवृत्त, गावात शस्त्राबद्दल खरंच काही कळणारा एकमेव माणूस. त्यांनी पिस्तूल उचलण्याआधी खोलीतल्या सगळ्यांना आपल्या मागे उभं केलं. "वेपन भरलेलंच आहे असं धरायचं. नळी माणसाकडे करायची नाही. बोट चापापासून लांब." हे तीन नियम त्यांनी इतक्या गांभीर्याने सांगितले की मास्तरांनी खिशातला पेनसुद्धा दुसऱ्या दिशेला वळवला. मग सुभेदारांनी नळी साफ करण्यासाठी पुलथ्रू आणि चार इंचांची चिंधी मागवली. नळी भरीव आहे हे त्यांना कुणी आधी सांगितलं नाही, आणि मग सांगायची कुणाची छाती झाली नाही. वीस मिनिटं त्यांनी प्रयत्न केला. शेवटी, "या नळीत फार कचरा बसलाय," एवढंच म्हणून ते थांबले. जाताना त्यांनी एक मात्र कामाचं सांगितलं. जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये जाणकार लोक सहापैकी पाचच घरं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत, म्हणजे धक्क्याने बार उडत नसे. माझ्या तपकिरी दाढीला हे आधी कळायला हवं होतं.

नवीनच आणावं, असा ठराव झाला. नमुना म्हणून जुनं पिशवीत घेऊन मी मांडव्याहून लाँचने मुंबईला गेलो. खेळण्यांच्या बाजारात दुकानदाराने प्लॅस्टिकची बंदूक दाखवली. निळा दिवा लागतो, गुरगुरते, वर इंग्रजी गाणंही म्हणते. मी म्हटलं, मला खुनाचा प्रसंग करायचाय, वाढदिवस नाही. घोडा ओढायचं, चक्री फिरणारं, जुन्या पद्धतीचं आहे का? तो हसून म्हणाला, "अलिबागहून आलात का?"

"हो," मी म्हटलं. "सकाळच्या लाँचने."

या एका वाक्प्रचाराविरुद्ध आमच्या तालुक्यातून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. अलिबागकरांना बावळट ठरवणारं हे वाक्य बंद करा म्हणून. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असा एकूण सूर होता. मी मनावर घेतलं नाही. पण त्या दिवशी मला उत्तर दिल्याचं जे समाधान मिळालं, ते कुठल्याही न्यायालयाने दिलं नसतं.

परतीला गेटवेवर बॅगा तपासतात, हे मला माहीत होतं. माझ्या बॅगेत काय आहे, हे त्या क्षणी मी विसरलो होतो. पडद्यावर रिव्हॉल्व्हर दिसलं आणि रांग माझ्यापासून सहा फूट मागे सरकली. हवालदारांचं चुकत नव्हतं. १८ ऑगस्ट २०२२ ला आमच्याच जिल्ह्यात, हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात एके-४७ सापडल्या. पुढे उलगडा झाला की नौका एका ऑस्ट्रेलियन बाईंची, वादळात सोडून द्यावी लागलेली. पण तेव्हापासून या समुद्रावर बंदूक हा थट्टेचा विषय राहिलेला नाही.

"हे काय आहे?"

"प्रॉपर्टी," मी घाबरून म्हटलं.

"कुणाची?"

"मारुतीची."

पुढची दहा मिनिटं मी तिसरा अंक सविस्तर सांगितला. हवालदारांनी पिस्तूल उलटसुलट केलं, नळीत नख घालून ती भरीव असल्याची खात्री केली, घोडा ओढला, चक्रीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं खातं उतरून तिथे नाक्यावरचा माणूस आला. "पुरती फिरत नाही ही," ते म्हणाले. "कुत्रा झिजलाय म्हणाला का कोणी? कुत्रा नाही. मागची पट्टी तुटली असणार. ती रेटते म्हणून कुत्रा दात्याला चिकटून राहतो." मूळचे म्हसळ्याचे निघाले. वडिलांचं सायकलचं दुकान होतं.

गावी आल्यावर सायकलवाल्याने पुन्हा उघडलं. कुत्र्यामागची चपटी स्प्रिंग मधोमध तडकली होती. (खऱ्या १८७३ च्या कोल्टमध्येसुद्धा सगळ्यात आधी जातात त्या या चपट्या स्प्रिंगाच. आमचं जत्रेतलं खेळणं मुळाबरहुकूम होतं म्हणायचं.) आता तेवढी पातळ, तेवढी ताठ पोलादी पट्टी आणायची कुठून? सायकलवाल्याने इकडेतिकडे बघितलं. तालमीला मास्तरांची सहा वर्षांची नात आली होती. तिच्या केसांना टिकटॉक पिन होती, दाबली की टक् करून उलट वळणारी. त्याने ती मागितली. नातीने किंमत सांगितली, दोन कुल्फ्या. पिन कापली, कानशीने घासली, आत बसवली. घोडा ओढला. चक्री पुरं एक घर सरकून कडक् अशी थांबली. चाप दाबला. असा आवाज झाला की देवळातली घंटा कुणी न वाजवता किणकिणली. सायकलवाला म्हणाला, "खोबरेल लावून ठेवा." हे त्याचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य.

तालमीत पिस्तूल तेहतीस वेळा वाजवलं, तेहतीस वेळा वाजलं. वाजवलं मी. नायक पतपेढीत वसुलीला असतो, मार्चअखेर असल्यामुळे त्याला तालमीला वेळ नव्हता. "त्यात काय, चाप दाबायचा," म्हणाला.

तरी मास्तरांचा विश्वास नव्हता. त्यांनी रंगमंचामागे एका पिंपात सुतळी बॉम्ब ठेवून त्याच्याशेजारी एक माणूस अगरबत्ती देऊन बसवला. हुकूम असा, की पिस्तूल वाजलं नाही तरच पेटवायचा. न वाजलेलं ऐकू कसं येणार, हा प्रश्न त्या माणसाने विचारला नाही, कारण तो उजव्या कानाने कमी ऐकतो आणि मास्तर उजवीकडे होते.

तिसरा अंक. धूर सोडला होता, रेनकोटात खलनायक घामाने निथळत होता. नायकाने पिस्तूल रोखलं आणि वसुलीच्या आवाजात म्हणाला, "तुझा हिशेब आज पुरा!" टाळ्या आल्या. त्याने चाप दाबला. काही झालं नाही. त्याने जोर लावून दाबला, दोन्ही हातांनी दाबला. घोडा पुढेच होता, चाप काय सोडणार? विंगेतून मी अंगठा वरखाली करून दाखवत होतो. त्याला वाटलं, मी 'मस्त चाललंय' म्हणतोय. त्यानेही मला अंगठा दाखवला.

खलनायक मासळीचा व्यापारी. थांबणं त्याच्या स्वभावात नाही, माल खराब होतो. तो ओठ न हलवता म्हणाला, "घोडा ओढ." पण गळ्यात माइक होता. पहिल्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "आरं, घोडा वड!" मग अख्खा मांडव, "घोडा वड! घोडा वड!" नायकाने अखेर घोडा ओढला. चक्री सरकली आणि कडक् असा आवाज झाला. मरायला टेकलेल्या खलनायकाने तीच गोळी समजून छातीवर हात मारला आणि तो कोसळला. नायकाने मग चाप दाबला. पिस्तूल फाट्कन, अगदी ठणठणीत वाजलं, प्रेतावर. आणि टाळ्यांच्या गडगडाटात काहीच ऐकू न आलेल्या पिंपाजवळच्या माणसाने, हुकमाप्रमाणे, सुतळी बॉम्ब पेटवला. प्रेत उठून बसलं.

त्याच क्षणी, संहितेत होतं तसं, इन्स्पेक्टर धावत आत आला आणि म्हणाला, "मी बाहेर होतो. इथे फक्त एकच गोळी झाडली गेली आहे!"

पुढची पाच मिनिटं नाटक थांबलं. सुभेदार खुर्चीवर उभे राहून हसत होते. इतकं हसलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मास्तर विंगेत डोकं धरून बसले होते, आणि त्यांची नात सगळ्यांना सांगत होती की वाजली ती माझी पिन.

पिस्तूल आता खोबरेलाच्या फडक्यात ट्रंकेत आहे, पाच घरं भरलेली नाहीत, सहावंही नाही. पुढच्या वर्षीसाठी मास्तर दुसरा भाग लिहितायत आणि त्यात दोन पिस्तुलं आहेत. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर चक्री फिरणारं, घोडा ओढायचं जत्रेतलं जुनं पिस्तूल पडलं असेल, तर कळवावं. गंजलेलं चालेल, पिनांची सोय इथे आहे. फक्त पाठवायचं असेल तर एस.टी.ने पाठवा. लाँचने नको.